लाकडी बैलाची परीक्षा

दिवस कलला की मोठे बाबा ओट्यावरून उठायचे आणि गोठ्याकडे निघायचे. गोठा आता नाही. तिथं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते, बाजूला सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी. बैलजोडी विकली त्याला बारा वर्षं झाली. तरी रोज तिन्हीसांजेला एकच सवाल, "बैल आले का रे घरी? कुटार टाकलं का?" कोणी खरं सांगितलं, की बाबा, बैल कुठी हायेत आता, तर काठी आपटायचे, शिव्या द्यायचे आणि तरातरा वावराच्या वाटेला लागायचे. रिसोड तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण वावर दीड किलोमीटरवर आणि मधे नाला. दोनदा ते त्या नाल्याच्या काठी सापडले, अंधारात, बैलांना हाका मारत बसलेले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अकोल्याच्या डॉक्टरांनी कागदावर स्मृतिभ्रंश लिहिलं. गावानं त्याच्या दोन वर्षं आधीच निदान करून टाकलं होतं, "बुढा चळला." त्यांची सगळी उस्तवार करते ती माझी चुलतवहिनी, त्यांची धाकटी सून. थोरला मुलगा पुण्याला असतो. तो रोज फोन करतो, आणि फोनवर पाच मिनिटं मोठे बाबा इतकं नीट बोलतात की काही विचारू नका. पाऊस, भाव, तब्येत. फोन ठेवला की विचारतात, "कोन होता थो?"

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. तो नागपूर-वर्ध्याकडे मोठ्या थाटाचा, आमच्याकडे तेवढा नाही, पण पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात आणि बोजारा गोळा करतात. वहिनीचा मुलगा त्या संध्याकाळी दमून आला आणि चाकांवरचा फूटभर उंचीचा बैल ओट्यावर टाकून आत पळाला. थोड्या वेळानं वहिनी बाहेर आली तर मोठे बाबांनी बैलाच्या गळ्यात सुतळी अडकवून ती खांबाला बांधली होती, समोर मूठभर कुटार टाकलं होतं, आणि ते हातपाय धुऊन जेवायला येऊन बसले होते. त्या रात्री काठी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोराला समजावलं, बैल आजोबांकडेच राहू दे.

मी हे सगळं मांडतो आहे त्याचं कारण सध्या आपल्याकडेही यंत्रसोबत्यांची चर्चा ऐकू येते. विसरत चाललेल्या माणसाशी बोलणारं, त्याला औषधाची आठवण करणारं, मांडीवर बसून कुरवाळून घेणारं यंत्र. आमच्या वाशीम जिल्ह्यात असं यंत्र आलेलं मी पाहिलेलं नाही. पण स्मार्टफोन तांड्यातांड्यावर पोचायला जेवढा वेळ लागला ते पाहता याचीही फार वाट पाहावी लागेल असं वाटत नाही. तेव्हा ते आलं तर त्याची परीक्षा कशी घ्यायची, हे आधी ठरवलेलं बरं. माझ्यापुरता मी निकाल केला आहे: असं यंत्र दोनच मापांनी मोजावं. एक, त्याच घरात जवळजवळ फुकटात मिळणारी जी वस्तू तेच काम करू शकते, तिच्याशी लावून. आणि दुसरं, सांभाळणाऱ्या बाईची रात्र. बाकीची मापं नंतर.

या कामासाठी केलेलं जगातलं सर्वांत नावाजलेलं यंत्र म्हणजे जपानचा पारो. ताकानोरी शिबाता या अभियंत्यानं १९९३ पासून त्यावर काम केलं, २००५ मध्ये ते जपानात विक्रीला आलं आणि २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. दिसायला ते सील या समुद्री प्राण्याचं पांढरंशुभ्र पिल्लू. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, तान्ह्या बाळाएवढं. पाठीवरून हात फिरवला की डोळे मिटतं, हाक मारली की मान वळवतं, आपटलं तर कुरकुरतं. चार्जिंगची वायर त्याच्या तोंडात द्यायची आणि तिचं टोक बाळाच्या चोखणीच्या आकाराचं. किंमत सहा हजार डॉलरच्या घरात, म्हणजे आपले पाच लाख रुपये.

शिबातांनी सीलच का निवडला, याचं कारण वाचलं तेव्हा मला एकदम आमचा ओटा आठवला. कुत्रं, मांजर सगळ्यांच्या ओळखीचं. यंत्राचं मांजर हातात दिलं की माणूस खऱ्या मांजराशी तुलना करतो आणि त्याची निराशा होते. सील फारसा कोणी पाळलेला नसतो, त्यामुळे तो जे करेल ते गोड वाटतं. अनोळखी प्राणी घ्या, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही, असा तो हिशोब. आमच्याकडे घडलं ते नेमकं उलटं. मोठे बाबांना शांत करणारी गोष्ट ही होती की बैल त्यांच्या सगळ्यांत ओळखीचा होता. ऐंशी वर्षांच्या हातांना कासऱ्याची गाठ ठाऊक होती, डोक्यात काही उरलं नसलं तरी. आणि पुढे जे बिघडलं तेही त्याच ओळखीमुळे. त्याकडे येतोच.

आधी ऑस्ट्रेलियातल्या चाचणीविषयी. क्वीन्सलँडमध्ये वेंडी मॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ वृद्धनिवासांतल्या ४१५ स्मृतिभ्रंशग्रस्तांना घेऊन ती केली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तिची रचना मला फार आवडते. एका गटाला चालू पारो दिला. दुसऱ्या गटाला तोच पारो, पण आतलं यंत्र बंद करून, म्हणजे नुसतं मऊ खेळणं. तिसऱ्या गटाला नवं काहीच नाही, रोजची देखभाल. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. ज्यांना चालू पारो मिळाला ते त्याच्याशी जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त पाहत राहिले. रोजच्या देखभालीच्या मानानं त्यांचा आनंद वाढलेला आणि तगमग उतरलेली चित्रफितींत दिसली. मात्र तगमग कमी करण्यात बंद खेळण्यावर चालू यंत्राला बाजी मारता आली नाही. पुढच्या वर्षी याच चाचणीचा पैशाचा हिशोब आला. त्यात रुपयामागे गुण मोजले तर खेळणंच किंचित उजवं ठरलं.

दुसरा गट ठेवला नसता तर काय झालं असतं? पारोनं तगमग कमी केली, एवढंच छापून आलं असतं, आणि ते खोटंही नसतं. यंत्र विकणाऱ्याचं प्रात्यक्षिक नेहमी असंच असतं: आधी आजी उदास बसलेली, मग मांडीवर यंत्र, मग आजी हसतेय. पण त्या मांडीवर चिंध्यांची बाहुली ठेवली असती तर? शेजारची बाई पंधरा मिनिटं येऊन शेंगा सोलत बसली असती तर? उदास आजी आणि हसरी आजी यांच्या मधला फरक कोणामुळे पडला, यंत्रामुळे की कोणीतरी जवळ आलं म्हणून, हे त्या प्रात्यक्षिकातून कळायला मार्ग नाही. गावातला शेतकरीसुद्धा नवं बियाणं सगळ्या वावरात एकदम टाकत नाही. चार तासांत नवं, चार तासांत जुनं पेरतो, खत-पाणी सारखं ठेवतो आणि सुगीला दोन्हीकडचं पीक वेगळं मोजतो. स्मृतिभ्रंशाच्या यंत्राला एवढीही कसोटी लावायची नाही, हे काही बरोबर नाही.

आता मोजायचं काय आणि कशानं. इथं आपली पंचाईत आहे. पाश्चात्त्य देशांत १९७५ पासून जी छोटी स्मृतिपरीक्षा चालते तीत आजची तारीख विचारतात, एक वाक्य वाचून त्याप्रमाणे करायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला यात शून्य मिळणारच, तिचा मेंदू लख्ख असला तरी. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला काम करणाऱ्या संशोधकांनी हे ओळखून तिचं हिंदी रूप केलं. त्यात डोळे मिटा असं वाचून करायच्या ऐवजी, माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसं करा, असं आहे. वाक्य लिहायच्या ऐवजी, घराबद्दल एक गोष्ट सांगा. किती साधा बदल, पण त्यासाठी कोणाला तरी अंगणात जाऊन बसावं लागलं. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासकांच्या एका जागतिक गटानं आपलं नावच १०/६६ असं ठेवलं आहे: जगातले दोन तृतीयांश, म्हणजे ६६ टक्के रुग्ण गरीब देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन दहा टक्क्यांहून कमी. यंत्रसोबत्यांच्या बाबतीत हे प्रमाण काढलं तर नावात शून्य घालावं लागेल की काय, अशी शंका येते.

भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांच्या जवळ होती. साठीपुढचे दहा टक्के धरले आणि त्यांना ते प्रमाण लावलं तर जिल्ह्यात नऊ हजारांच्या आसपास माणसं निघतात. हा माझा पाटीवरचा गुणाकार आहे, मोजणी नव्हे. पण निम्मा धरला तरी सहा तालुक्यांत एवढे मोठे बाबा आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नशिबी अकोल्याचा कागदही नाही. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण तोंडात असली की डॉक्टरकडे जायचं कारणच उरत नाही. म्हातारपणी असं व्हायचंच, म्हणून घरं गप्प बसतात.

बोलणाऱ्या यंत्राचं आणखी वेगळं. युरोपात २०१५ ते २०१८ या काळात मारिओ नावाच्या यंत्रावर काम झालं. आयर्लंडमध्ये गॉलवेचं शुश्रूषागृह, इटलीतलं रुग्णालय आणि इंग्लंडातली वस्ती अशा तीन ठिकाणी ते वापरून पाहिलं. जुने फोटो दाखवायचं, गाणी लावायचं, बातम्या सांगायचं. त्याच सुमारास युरोप आणि जपाननं मिळून आणखी एक प्रकल्प केला, यंत्राला माणसाची संस्कृती समजावी म्हणून. त्यात इंग्रज, जपानी आणि भारतीय असे नमुने धरले होते. भारतीय हा एक नमुना! मी हे वाचून हसलो, पण त्यांना कशाला नावं ठेवा. आपण तरी काय करतो? उद्या मराठी बोलणारं यंत्र निघालं तर ते कुठली मराठी बोलेल हे सांगायला ज्योतिषी नको. "आपण जेवण केलंत का?" असं ते विचारेल आणि मोठे बाबा ताडकन उठून टोपी शोधतील. आमच्याकडे अशी भाषा बोलणारा माणूस सातबाऱ्याच्या कामाला आलेला असतो, नाहीतर कर्जाच्या वसुलीला. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांवर गोरमाटी बोलणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्या मराठी शिकल्या बाजारासाठी आणि शाळेत जाणाऱ्या नातवंडांसाठी. विस्मृती वाढत गेली की पुष्कळांची नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईची भाषा मागे राहते. अशा बाईशी यंत्र प्रमाण मराठीत गोड बोलत राहिलं तर तिच्या लेखी ते घरात शिरलेलं परकं माणूस. न बोलणारा लाकडी बैल त्या मानानं बरा. त्याला बोलीची अडचण नाही.

आता वहिनीच्या रात्रीकडे.

दिवाळीला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारखांच्या चौकोनांत दुधाच्या हिशोबाशेजारी बारीक ठिपके दिसले. कुठं चार, कुठं पाच, कुठं एक. मी विचारलं. ती म्हणाली, "मामाजी रात्री उठले की एक ठिपका." कोणी सांगितलं हे ठेवायला? "कोनी नाई. पुन्याचे भाऊजी म्हनतात बाबा तं चांगले बोलतात फोनवर. म्हून ठेवले."

मी खुर्ची ओढून ते कॅलेंडर वाचलं. पोळ्याच्या आधीच्या महिन्यात चारच्या खाली चौकोन नव्हता. पोळ्यानंतर एकदम ओसाड, कुठं एक, पुष्कळ ठिकाणी काहीच नाही. दसऱ्यापासून पुन्हा दोन, तीन. एका चौकोनात सात. त्या रात्री काय झालं ते तिनं सांगितलं. मोठे बाबा दोनच्या सुमाराला उठले, ओट्यावर गेले, कंदिलासारखी बॅटरी धरून बैलासमोरचं कुटार पाहिलं. जसंच्या तसं. मग घरात येऊन सगळ्यांना उठवलं. "खात नाई थो. काहून खात नाई? ढोराच्या डाक्तरले बलाव." कोणी ऐकेना तसे ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून रडायला लागले. सकाळपर्यंत सात वेळा.

हेच शिबातांनी जपानात बसून ओळखलं होतं. ओळखीच्या जनावरानं खाल्लं पाहिजे, शेपूट हलवली पाहिजे, शेण टाकलं पाहिजे. नाही टाकलं तर ते आजारी आहे. वहिनीनं युक्ती काढली. रोज रात्री मोठे बाबा झोपले की कुटार उचलून घ्यायचं, पहाटे पाहतील तर गव्हाण रिकामी. ठिपके पुन्हा कमी झाले, पण पूर्वीइतके नाहीत, आणि तिच्या कामात एक काम वाढलं. लाकडी बैलाचा जमाखर्च हा असा आहे. मी त्याची महती गायला बसलेलो नाही. पण त्याच्यासारखी स्वच्छ नोंद मला यंत्रांबद्दलच्या पुष्कळ लेखांत सापडत नाही, कारण त्यांत यंत्र पाहणाऱ्याचं मनोगत असतं, रुग्णाचं हसू असतं, आणि मधल्या बाईचं झोपेचं खातं नसतं. वृद्धनिवासातलं पंधरा मिनिटांचं सत्र आणि पुण्याहून येणारा पाच मिनिटांचा फोन, दोन्हींत एक खोट सारखीच आहे. दोन्ही दिवसाउजेडी होतात.

मी तिला मोबाइलवर पारो दाखवला. तिनं चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली, गोड आहे म्हणाली. मग विचारलं, "याले चार्जिंगले कोन लावते?" आणि थोड्या वेळानं, "याच्यावर कोनी हागलं-मुतलं तं धुते कोन?"

जेम्स राइट या अभ्यासकाला हेच प्रश्न जपानात जाऊन पडले. त्यांचं पुस्तक २०२३ मध्ये आलं. यंत्रं जपानला तारणार नाहीत, असं त्याच्या नावातच आहे. कानागावा प्रांतातल्या वृद्धनिवासात त्यांनी पाहिलं की यंत्र आलं म्हणून काम कमी झालं नाही. ते आणायचं, लावायचं, पुसायचं, चार्ज करायचं, वापरताना शेजारी उभं राहायचं. पेपर नावाचं माणसासारखं यंत्र कवायत घ्यायचं, तर म्हाताऱ्यांनी त्याच्याबरोबर हात हलवावेत म्हणून कर्मचाऱ्यांना शेजारी उभं राहून तेच हात हलवावे लागायचे. आणि पारो? एका बाईला त्याचा इतका लळा लागला की तो जवळ नसेल तर ती जेवेना, झोपायला जाईना. दुसरीनं त्याचं कातडं सोलून काढायचा प्रयत्न केला. जिथं पगारी माणसं पाळीपाळीनं येतात तिथली ही गत. आमच्याकडे पाळी एकच, तीही वहिनीची, आणि तिला पगार नाही.

यावर एक उत्तर तयार असतं: माणसं कमी पडतात म्हणून तर यंत्र. खरं आहे, माणसं कमी पडतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला तेव्हापासून कारंज्याहून किंवा मालेगावहून नागपूर-मुंबई जवळ आली असं सगळे म्हणतात. जवळ आली म्हणजे जाणं सोपं झालं. गावात उरतात म्हातारे आणि त्यांच्या सुना. पण माणसं कमी पडतात हे वाक्य जरा थांबून ऐकावं. कोणती माणसं? गावात वीस-बावीस वर्षांच्या, बारावी झालेल्या, काम शोधणाऱ्या मुली आहेत. आशाताई आहेत, त्यांच्या वहीत गरोदर बाई आहे, लसीचं बाळ आहे, क्षयाचा रुग्ण आहे. स्मृतिभ्रंशाचं घर त्या वहीत कुठं ठळकपणे आलं तर मला पाहायला आवडेल. कमी पडतो तो पैसा. सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. पासष्टीपुढच्या गरजू माणसाला चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी एकरकमी ३००० रुपये. एका पारोच्या किमतीत असे दीडशेहून जास्त म्हातारे बसतात. म्हणून पारो घेऊच नये असं नव्हे. पण दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहावेत आणि मग निवड करावी.

फसवणुकीचा मुद्दा तत्त्वज्ञांच्या आवडीचा. रॉबर्ट स्पॅरो यांनी २००२ मध्येच लिहिलं की यंत्राच्या कुत्र्यापासून खरा लाभ व्हायचा तर माणसानं स्वतःची समजूत चुकीची करून घ्यावी लागते, आणि अशी चुकीची समजूत मुद्दाम पसरवणं अनैतिक आहे. मी हा युक्तिवाद वाचतो तेव्हा मला आमची देवघरं आठवतात. पहाटे देवाला उठवायचं, न्हाऊ घालायचं, नैवेद्य दाखवायचा, रात्री निजवायचं. बाळकृष्णाला थंडीत टोपडं शिवणाऱ्या आजीला कोणी फसवलेलं नसतं. तिला पितळ माहीत असतं आणि भावही माहीत असतो. दोन्हींत ती जा-ये करू शकते. मोठे बाबांना ते दार उरलेलं नाही. ते आत आहेत आणि बाहेरची वाट बुजली आहे. त्यामुळे देवघराचा दाखला देऊन यंत्रवाल्यांना सुटता येणार नाही.

तरी स्पॅरो यांच्याशी माझं पूर्ण जमत नाही. लाकडी बैल मोठे बाबांच्या पुढ्यात कोणी ठेवला नव्हता. हा बैल आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनीच पाहिला, त्यांनीच बांधला. वहिनीला मी याबद्दल विचारलं तेव्हा तिनं जे उत्तर दिलं ते मी अजून चघळतो आहे. "बैल त्यायनं बांधला. खोटं मले बोला लागलं, थो खाईना तवा." म्हणजे खोटं वस्तूत नव्हतं. वस्तू अपुरी पडली तिथं ते सुरू झालं आणि बोलावं लागलं ते सांभाळणाऱ्या माणसाला. यंत्राबाबत विचारायचं ते हे: ते कुठं अपुरं पडतं, आणि तिथली थाप कोणाला मारावी लागते? टॉम किटवूड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात स्मृतिभ्रंश झालेल्यांचं माणूसपण कसं कुरतडलं जातं याची जंत्री दिली, तिच्यात थापा मारून काम साधणं आहेच. रोजच्या घरात मात्र थापेशिवाय संध्याकाळ पार पडत नाही. पार पडते असं सांगणाऱ्यानं एक रात्र आमच्याकडे काढावी.

आणि गावाचे डोळे. मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी वाराणसीत राहून १९९८ मध्ये म्हातारपणावर पुस्तक लिहिलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की तिथं बोट मेंदूकडे नाही, घराकडे वळतं, असं त्यांना दिसलं. मुलांनी सेवा केली नाही म्हणून. वाशीमला वाराणसीहून वेगळं काही नाही. "सुनीनं हाल केले म्हून बुढा चळला," हे वाक्य मी पारावर ऐकलं आहे. अशा गावात सून म्हाताऱ्याच्या मांडीवर पाच लाखांचं मऊ जनावर ठेवेल तर काय बोललं जाईल? बापाले खेळणं देऊन मोकळे झाले. यंत्राच्या कुठल्याही अहवालात या वाक्याचा रकाना नसतो. बैलाच्या बाबतीत मात्र कोणी काही बोललं नाही, कारण ते आजोबा-नातवाचं खेळणं होतं. वहिनी त्यात कुठं दिसतच नव्हती.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हत्ती आठवेल. मोहन आगाशे यांनी केलेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री सगळं विसरत चाललेले असतात. एक दिवस रस्त्यावरच्या हत्तीच्या मागे ते चालत जातात आणि हरवतात. त्यांना सांभाळते माहुताची बायको चन्ना. तिला ते कोण, काय होते, काहीच माहीत नाही. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यंत्राच्या बाजूनं बोलणारा इथं म्हणेल, पाहा, सांभाळायला पूर्वेतिहास लागत नाही, ओळख लागत नाही. शास्त्रींच्या मुलीला वडील कोण होते हे ठाऊक असतं आणि त्याचाच तिला त्रास होतो. चन्नाला काही ठाऊक नसतं म्हणून ती मोकळी. यंत्रही तसंच मोकळं. हा युक्तिवाद मला पटकन खोडता येत नाही. एवढं खरं की चन्नाचं पोट हातावर आहे. म्हाताऱ्याला जवळ घेताना तिचं काहीतरी जातं, वेळ, घास, झोप. यंत्राचं काही जात नाही आणि म्हणून ते थकत नाही, हे त्याचं भांडवल. ते भांडवल कोणाच्या उपयोगी पडतं, यावर सगळं आहे. वहिनीची एक रात्र त्यानं वाचवली तर मी टाळ्या वाजवीन, मग ते सील असो की कासव.

म्हणून कोणी वाशीममध्ये असं यंत्र तपासायला आणणार असेल तर माझं सांगणं एवढंच. वृद्धनिवास शोधत बसू नका, घरांत या, कारण म्हातारे घरांत आहेत. काही घरांना यंत्र द्या, काही घरांना लाकडी बैल, चिंध्यांचं बाळ, जुन्या साड्यांची घडी घालायला दिलेली टोपली, ज्याचा हात ज्याला सरावला असेल ते. आणि काही घरांना त्याच पैशातून गावातलीच एखादी मुलगी रोज दोन तास. पारोच्या पाच लाखांत महिना चार हजार रुपयांनी अशी एक मुलगी दहा वर्षं ठेवता येते, हा हिशोब करायला अभियंता लागत नाही. प्रश्न वऱ्हाडीत विचारा, गोरमाटीत विचारा. आणि सगळ्या घरांत एकेक कॅलेंडर द्या, ठिपक्यांसाठी. पंधरा मिनिटांचं हसू मोजायचं असेल तर जरूर मोजा, पण रात्री दोनची नोंद आधी.

राहता राहिलं, चाचणी संपल्यावर यंत्र परत नेताना काय होतं ते. दहा आठवडे झाले, पेटीत घातलं, गाडीत ठेवलं. ज्या बाईला त्याच्याशिवाय घास उतरत नव्हता तिचं पुढे काय? मला याची फार धास्ती होती, कारण आमच्याकडे तो दिवस येणार होता. पुढच्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला पोरानं बैल मागितला. त्याचाच बैल, त्यानं का मागू नये. वहिनी आदल्या रात्री झोपली नाही. वाशीमच्या बाजारातून दुसरा तसाच आणावा का, म्हणून मला फोन केला. मी नको म्हणालो, का ते मलाही सांगता आलं नाही.

पोरानं बैल नेला. संध्याकाळी परत आणला तेव्हा त्याच्या शिंगांना बेगड होती, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर झूल. मोठे बाबा ओट्यावर होते. दिवसभर त्यांनी बैलाचं नाव काढलं नव्हतं. पोरानं बैल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला, माळेला हात लावला.

"कोनाचा व्हय बैल?"

पोरगं गडबडलं. वहिनीनं दारातून सांगितलं, "तुमचाच हाये, मामाजी."

"माह्या नाई," ते म्हणाले. मग सुतळी शोधायला लागले. "बांध त्याले. ज्याचा हाये थो शोधत असन."